तारखेची जागा कोरी

"तू वाढू नको. तू पत्रावळ्या उचल."

आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब यांनी हे मला त्यांच्या मुलीच्या लग्नात सांगितलं. भर दुपारी, मांडवात, जेवायला बसलेल्या पंगतीसमोर. माझ्या हातात वरणाची बादली होती. त्यांनी ती माझ्याकडून घेतली आणि आमच्याच पीटीच्या सरांच्या हातात दिली. आवाज चढवला नाही. चेहराही बदलला नाही. लग्नघरात शंभर कामं असतात, त्यातलं एक केलं आणि पुढे गेले.

आम्ही सातही शिक्षक त्या लग्नात होतो. पाहुणे म्हणून नव्हे. शाळेत रीतसर सूचनेची वही फिरली होती: सर्वांनी सकाळी सात वाजता मांडवात हजर राहणे. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. कुणी पाणी द्यायचं, कुणी बुंदी, कुणी वांग्याची भाजी. मी विज्ञान आणि गणित शिकवायचो, आठवी ते दहावी. बी.एस्सी., बी.एड. आणि माझं घर तेल्हाऱ्याच्या बौद्धपुऱ्यात. माझ्या हातचं वरण पंगतीला नको, हे कुणाला बोलावंसुद्धा लागलं नाही. बादली या हातातून त्या हातात गेली, झालं.

मी वाकलो. उचलायला लागलो.

हे लपवणार नाही. लोक मला विचारतात, तिथंच का नाही फेकून दिलं सगळं? नाही फेकलं. एकावर एक उष्ट्या पत्रावळ्या रचत गेलो. वरणाचे ओघळ कोपरापर्यंत आले. वाकल्या वाकल्या मी चोरून पाहत होतो, रांगेत माझ्या वर्गातलं कोण कोण बसलंय.

रांगेच्या शेवटी सविता होती. नववीची परीक्षा नुकतीच दिलेली, कास्तकाराच्या घरची, वर्गात सगळ्यांत जास्त प्रश्न विचारणारी पोरगी. मी तिच्यापर्यंत पोचलो तर ती जेवण थांबवून बसलेली. पानात बुंदी तशीच.

"सर, तुमी कावून उचलून राहिले?"

 ती उठली. स्वतःची पत्रावळ उचलली, शेजारच्या म्हातारीचीही उचलली आणि उकिरड्याकडे निघाली. मागून तिची आई ओरडली, "ठेव ते! लोकाईचं उष्टं कायले उचलतं व?"

पोरीनं वळून पाहिलं नाही. त्या घडीला मला नानासाहेबांपेक्षा तिचाच राग आला. मी निमूटपणे झाकत होतो ते ती सगळ्या मांडवाला दाखवत चालली होती.

*

मला लोक संशयी म्हणतात. बरोबर म्हणतात. कुणीही कागद पुढे केला की मी आधी तारखेची जागा बघतो. मग बाकीचं वाचतो. ही सवय मला त्या शाळेनं लावली.

शाळा विनाअनुदानित होती. म्हणजे सरकार पगार देत नाही, संस्था देईल ते घ्यायचं, देईल तेव्हा घ्यायचं. एक दिवस अनुदान येईल आणि सगळे कायम होतील, एवढ्या एका आशेवर आम्ही माणसं तिथं टिकून होतो. घर मायच्या मजुरीवर आणि माझ्या शिकवण्यांवर चालायचं.

नेमणुकीचं पत्र घ्यायला मी नानासाहेबांच्या बैठकीत गेलो होतो तो दिवस सांगतो. हेडसर तिथंच होते. त्यांनी आधी एक कोरा कागद पुढे केला. "लिहा. मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. खाली सही करा. तारीख टाकू नका."

मी म्हटलं, "नेमणुकीच्या आधीच राजीनामा?"

हेडसर हसले. "सगळ्याईनं लिहून देला हाये. मी पण देला. रीत हाये इथची."

आणि मी काय केलं? फळ्यावर काढतो तसं वळणदार अक्षर काढत बसलो. एक शब्द खोडला गेला तर कागद खराब दिसतो म्हणून दुसरा कोरा कागद मागून घेतला. स्वतःच्या गळ्याचा फास मी टापटीप विणला. नानासाहेबांनी तो वाचला, "अक्षर झकास हाये तुहं," म्हणाले आणि मागच्या लोखंडी कपाटात ठेवला. किल्ली बंडीच्या खिशात गेली. मग मला नेमणुकीचं पत्र मिळालं. त्याच्यावर मात्र तारीख होती.

या कागदाचं काय करतात ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. इंगळेबाई आमच्याकडे मराठी शिकवायच्या. बाळंतपणाला माहेरी, चांदूर रेल्वेला गेल्या. परत आल्या तर मस्टरवर त्यांचं नाव नाही. हेडसरांनी त्यांना त्यांचाच राजीनामा दाखवला. अक्षर बाईंचं, सही बाईंची. तारीख तेवढी वेगळ्या शाईत.

बाईंनी ती तारीख दोनदा वाचली. म्हणाल्या, "या दिवशी मी दवाखान्यात होती. या दिवशी माही पोरगी झाली."

हेडसरांनी कागद परत फाइलीत ठेवला. स्टाफरूममध्ये आम्ही सगळे होतो. ती तारीख मला पक्की ठाऊक होती. त्या दिवशी बाईंच्या घरून शाळेत फोन आला होता, त्यांचा तास मी घेतला होता आणि वर्गाला मीच सांगितलं होतं, तुमच्या बाईंना मुलगी झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मीही वाजवल्या होत्या.

आणि आता मी चहाचा कप धरून बसून राहिलो. बाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेल्या. माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग गेल्या. त्यांच्या जागी नानासाहेबांच्या साडूची सून आली.

मांडवात वाकलो तेव्हा माझ्या डोक्यात हेच होतं. पत्रावळ्या फेकल्या असत्या तर संध्याकाळी कपाट उघडलं असतं.

*

लग्नातून घरी आलो. हात साबणानं तीनदा धुतले. मायनं विचारलं, "जेवला काय लग्नात?"

"हो," म्हटलं.

खोटं. आम्हा शिक्षकांची पंगत सगळ्यांच्या शेवटी होती. ती बसायच्या आधीच मी सायकल काढली होती. पण मायला काय सांगणार? ती लोकांच्या वावरात निंदायला, कापूस वेचायला जायची आणि बाया तिला "मास्तरची माय" म्हणायच्या. त्या नावावर ती ताठ चालायची.

त्या वर्षांत आमच्या भागात कशातच राम उरला नव्हता. भाव नाही म्हणून कापूस घराघरात पिवळा पडत होता. शहरांतून गाड्या यायच्या, वह्या घेतलेली माणसं दारोदार कर्जाबद्दल, नापिकीबद्दल प्रश्न विचारायची आणि धूळ उडवत निघून जायची. वीज आली तर कमी दाबानं यायची आणि विहिरीवरच्या मोटरी जळायच्या. जळलेली मोटर सरळ तेल्हाऱ्यात सत्तार मिस्त्रीच्या दुकानात जायची. मिस्त्री मोटरीच्या आतली जळकी तार काढून नवी भरून द्यायचा. वाइंडिंग म्हणतात त्याला.

दिवाळीच्या आधी शाळेच्या विहिरीवरची मोटर जळली. ती सायकलला बांधून न्यायचं काम कुणाकडे येणार? माझ्याकडे आलं.

मिस्त्रीनं मोटर उघडली. आत तांब्याच्या तारेची वेटोळी काळीठिक्कर पडलेली. मी वर्षानुवर्षं वर्गात हेच शिकवत होतो. फळ्यावर वेटोळं काढायचो, विजेच्या दिशेचे बाण काढायचो, पोरांकडून पाठ करून घ्यायचो. खरं वेटोळं मी त्या दिवशी पहिल्यांदा हातात घेतलं. मला माझी लाज वाटली आणि ते हातातून सोडवेनाही.

शाळा सुटली की मी रोज तिथं जाऊन बसू लागलो. मिस्त्रीला ते रुचलं नाही.

"मास्तर, तुमी रोज कावून येऊन राहिले? सच बोलो. समोर दुकान टाकायचा इरादा हाये काय?"

"नाही."

"सब नईच बोलते."

त्याची एक वही होती. कोणत्या मोटरीला किती वेढे, किती जाडीची तार, सगळं तिच्यात. मी दिसलो की तो ती वही गादीखाली सरकवायचा. खरं सांगतो, मला ते बरं वाटायचं. गोड बोलणाऱ्यांची मला धास्ती बसली होती. हा निदान तोंडावर शंका घेत होता.

वही मिळत नाही म्हटल्यावर मी जळकी वेटोळी उलगडायला बसलो. एकेक वेढा सोडवायचा, मोजायचा. मोजणी चुकली की दुसरं वेटोळं घ्यायचं. बोटं काळी, नखं काळी. दुसऱ्या दिवशी वर्गात खडू धरला की खडूही काळा. महिन्याभरानं मिस्त्रीनं एक रिकामी मोटर माझ्यापुढे ठेवली. "भरा." मी भरली. बटण दाबलं. तो डोळे मिटून, मान वाकडी करून ऐकत राहिला.

"आवाज साफ हाये," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "दिवसभर येत असान तं जागा हाये. माह्या एकट्यानं उरकत नाई आता."

मी लगेच हो म्हटलं नाही. यात काय डाव असेल ते रस्ताभर शोधत आलो. शिवाय एक गोष्ट टोचत होती. लोकांच्या मोटरी जळतात म्हणून तिथं काम होतं. कास्तकाराचं नुकसान झालं की आपली चूल पेटणार, असलं ते काम. आणि उद्या वीज सुधारली तर?

*

शाळेत त्याच सुमारास हेडसरांनी मला एका बाजूला घेतलं. "अनुदानाची यादी निघून राहिली सर. मार्चपर्यंत अनुदान येईन. कोणाले सांगू नका. आता सोडून जाईन तो येडा."

मला कळलं ते असं की हेच वाक्य, "कोणाले सांगू नका" सकट, त्यांनी सगळ्यांना एकेकटं गाठून सांगितलं होतं. यादी चार वर्षं निघतच होती. पण यंदा खरंच निघाली तर? डिसेंबरात सोडायचं आणि मार्चमध्ये मागे राहिलेले कायम व्हायचे? मग सगळ्या पत्रावळ्या फुकट उचलल्या. हा विचार मला जेवू देत नव्हता. आणि मला शंका येऊ लागली की तो विचार माझ्या डोक्यात राहावा म्हणूनच यादी दर वर्षी निघते.

एक दिवस तास संपल्यावर सविता थांबली. आता ती दहावीत होती.

"सर, तुमी चालले काय?"

"कोण म्हणते?"

"नानासाहेबाईचा पुतण्या. तो अमरावतीले बीएड करून राहिला न. पुढच्या साली विज्ञान मीच शिकवणार हाये, असं सांगतलं त्यानं माह्या भावाले."

मी म्हटलं, "धडा वाच."

पण माझा हिशेब लागला होता. यादी आली तर माझ्या कागदावर तारीख पडणार आणि जागा पुतण्याला जाणार. यादी नाही आली तर मी तसाच राबत राहणार. मी लग्नापासून रात्रंदिवस डोकं फोडत होतो की नोकरी कधी सोडावी, आणि ते ठरवायची किल्ली दुसऱ्याच्या बंडीत होती.

*

रविवारी अकोल्याहून गाडी धरून मी चांदूर रेल्वेला गेलो. इंगळेबाईंनी दार अर्धंच उघडलं.

"कोणी पाठवलं तुमाले?"

"कोणी नाही, बाई."

"मंग इतक्या दिवसानं?"

त्यांची मुलगी त्यांच्या पदराला धरून उभी होती. चालायला, बोलायला लागलेली. मी तिच्याकडे पाहिलं आणि बोलायचं ठरवून आणलेलं सगळं विसरलो. शेवटी एवढंच म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," बाई म्हणाल्या. "पोराईनं मले सांगतलं, तुमी टाळ्या वाजवल्या होत्या म्हणून. अमरावतीले केस चालू हाये माही. एकही जण साक्षीले आला नाई."

"मी देतो साक्ष."

"नोकरी हाये तोवर नाई देणार तुमी." त्या शांतपणे म्हणाल्या. राग असता तर सोसलं असतं. त्या नुसतं खरं बोलत होत्या.

मग त्यांनी मला पाणी दिलं आणि वकिलानं त्यांना सांगितलेलं मला सांगितलं. राजीनामा तारीख टाकून, रजिस्टर पोस्टानं पाठवायचा असतो. तीन महिन्यांची सूचना द्यायची असते. कपाटात कोंडलेला बिनतारखेचा कागद म्हणजे राजीनामा नव्हेच. "आपण बीएड झालेले लोक," बाई म्हणाल्या, "आन् हे आपल्याले मालूम नाई."

परतीच्या गाडीत मी महिने मोजले. डिसेंबर ते मार्च. तेवढ्यात दहावीचे राहिलेले धडे पुरे होत होते. यादी यायच्या आधी, पुतण्याचा निकाल लागायच्या आधी. पहिल्यांदाच मी माझ्या जाण्याचा दिवस माझ्या बोटांवर मोजत होतो.

घरी आलो आणि मायला लग्नातलं सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. "तू जेवला नव्हता, मले तवाच समजलं," म्हणाली. "पण उष्टं उचललं, हे नव्हतं समजलं." पुढे दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वावरात जाता जाता दारातून म्हणाली, "सोडून दे. पण चुपचाप नको येऊ."

*

पोस्टात उभ्यानं लिहिलं. आधी तारीख टाकली. मग लिहिलं: आजपासून तीन महिन्यांनी मी माझे पद सोडत आहे. कारण, अध्यक्षांच्या घरच्या लग्नात मला माझ्या जातीवरून वाढू दिले नाही व उष्ट्या पत्रावळ्या उचलायला लावल्या. नेमणुकीच्या दिवशी माझ्याकडून लिहून घेतलेला बिनतारखेचा राजीनामा मला मान्य नाही. एक प्रत संस्थेला, एक अकोल्याला शिक्षणाधिकाऱ्यांना. अक्षराकडे लक्ष दिलं नाही.

चौथ्या दिवशी नानासाहेबांनी बैठकीत बोलावलं. कागद त्यांच्या मांडीवर होता.

"हे काय लिहिलं? वैयक्तिक कारण लिहायची रीत असते."

"वैयक्तिकच हाये. माह्याच हातानं उचलल्या."

त्यांनी कागद मांडीवरून बाजूला ठेवला. मग सूर बदलला. "तुमी बसा तं खरं. लग्नाघरचं कोणी असं मनावर घेते काय? यादीत तुमचं नाव मी सोता टाकून राहिलो." इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदा "तुमी" म्हणाले. मला त्या "तुमी"चाही संशय आला. मी उभाच राहिलो.

"हे परत घ्या," ते म्हणाले.

"नाही."

"मंग उद्यापासून येऊ नको. तुहा पयला कागद काढतो मी कपाटातून."

"काढा. या कागदावर पोस्टाचा शिक्का हाये. मी मार्चपर्यंत येईन. दहावीचे धडे बाकी हायेत."

गेलो. रोज गेलो. मस्टर माझ्यापुढे येईना, तर मी माझ्या वहीत तारीख, तास, धडा लिहीत गेलो. स्टाफरूममध्ये मी शिरलो की बोलणं थांबायचं. पीटीचे सर, ज्यांच्या हातात माझी बादली गेली होती, ते तर माझ्या वाऱ्याला उभे राहीनात. मला त्यांचं नवल वाटलं नाही. मीही चहाचा कप धरून बसलो होतोच.

शेवटचा धडा विजेचा होता. मी दुकानातली जळकी मोटर वर्गात नेली. पोरांनी वेढे सोडवले, मोजले, भांडले, पुन्हा मोजले. सविताचे हात कोपरापर्यंत काळे झाले. तास संपल्यावर तिनं विचारलं, "सर, त्या दिवशी मी पत्रावळ उचलली, तुमाले राग आलता न?"

"आलता," मी म्हटलं. "चुकीच्या माणसाचा आलता."

*

मिस्त्रीकडे पहिल्या दिवशी गेलो तर त्यानंही कागद काढला. "लिहून द्या मास्तर. पाच साल तेल्हाऱ्यात सोताचं दुकान टाकणार नाई."

मी पाहिलं. खाली सहीला जागा होती. तारखेची जागा कोरी.

मी आधी तारीख टाकली. पाचाचे दोन केले. त्याची एक नक्कल माझ्यासाठी लिहून काढली आणि त्याच्यापुढे ठेवली. "तुम्ही पण सही करा."

त्यानं दोन्ही कागद शेजारी धरून पाहिले. "तुमी बम शक्की आदमी हाये."

"हाव."

त्यानं सही केली. गादीखालची वही काढून माझ्यासमोर उघडली आणि कागद तिच्यात ठेवला.

त्यानंतर मी अमरावतीला साक्ष दिली. संस्थेच्या वकिलानं विचारलं, नोकरी गेल्याच्या रागातून बोलताय का? मी म्हटलं, नोकरी गेली नाही, मी सोडली. आणि राग आहे. पण मुलगी त्याच तारखेला झाली, हे रागाआधीचं आहे. बाहेर आल्यावर इंगळेबाईंनी माझे आभार मानले नाहीत. मानायचं कारणच नव्हतं. मी उशिरा आलो होतो.

लोक आजही दुकानात येऊन विचारतात, मास्तर, मग अनुदान आलं काय? आलं असेल तर मी मूर्ख, नसेल तर शहाणा, असा त्यांचा सरळ हिशेब असतो. मी उत्तर देत नाही. ती यादी येवो न येवो, मी जायचा दिवस तोच होता.

साडूच्या सुनेकडून लिहून घेतला नव्हता; बाकीच्यांचे पाच कागद त्या कपाटात अजून आहेत. एक हेडसरांचा, एक पीटीच्या सरांचा, आणखी तिघांचे. दर रविवारी मी त्यांच्यापैकी एकाच्या घरी जातो. सांगतो, कायद्यात तो कागद राजीनामा नाही, लिहून द्या तसं, तारीख टाकून, पोस्टाचा शिक्का मारून. हेडसरांनी दार लावून घेतलं. पीटीच्या सरांनी बायकोला पुढे केलं आणि घरात नाही म्हणून सांगितलं. त्यांच्या चपला दारात होत्या.

या रविवारी पुन्हा जाणार आहे. पाचही कागद बाहेर निघेपर्यंत जाणार.